वेस्टरे ते पापा वेस्टरे : दोन मिनिटांच्या हवाईमार्गाचा पूर्वेतिहास

स्कॉटलंडच्या उत्तरेकडील ऑर्कनी द्वीपसमूहात वेस्टरे आणि पापा वेस्टरे या दोन बेटांवरील धावपट्ट्यांमधील अंतर अवघे २.७ किलोमीटर, म्हणजे एडिंबरो विमानतळाच्या मुख्य धावपट्टीच्या लांबीहून किंचितच अधिक आहे. जगातील सर्वांत कमी अंतराची नियमित प्रवासी विमानफेरी म्हणून त्यांच्यामधील सेवा गाजली असली, तरी या दोन बेटांना एकमेकांशी जोडावे एवढ्याच हेतूने ती सुरू झाली नव्हती, आणि तिच्याविषयी लिहिणारे बहुतेकजण नेमके हेच विसरतात.

ऑर्कनीतील हवाई वाहतुकीचा पाया कॅप्टन फ्रेसन यांनी घातला. त्यांच्या हायलँड एअरवेजने १९३३ मध्ये इनव्हरनेस ते ऑर्कनीचे मुख्य शहर कर्कवॉल ही सेवा सुरू केली आणि पुढच्याच वर्षी, २९ मे १९३४ रोजी, याच मार्गावर ब्रिटनमधील पहिली नियमित अंतर्देशीय हवाई टपालसेवा चालू झाली. बेटाबेटांमधील सध्याची सेवा मात्र १९६७ ची असून, १९६२ मध्ये स्थापन झालेल्या लोगनएअर या कंपनीने ती सुरू केली. ब्रिटन-नॉर्मन कंपनीचे ‘आयलँडर’ हे विमान त्याच सुमारास उपलब्ध झाले. दोन इंजिने, वर बसवलेले पंख, पोटात न दुमडणारी चाके आणि आखूड धावपट्टीवरून उडण्या-उतरण्याची क्षमता असलेले हे विमान अशा बेटांसाठीच घडवल्यासारखे होते.

विमान कर्कवॉलहून निघून दोन्ही बेटांना स्पर्श करून परतते आणि प्रसिद्ध झालेला तुकडा म्हणजे या फेरीतील केवळ एक टप्पा होय. शंभराच्या आत लोकवस्ती असलेल्या पापा वेस्टरेला डॉक्टर, फिरते शिक्षक आणि टपाल यांसाठी कर्कवॉलशी संबंध हवा असतो. केवळ दोन बेटांमधील जा-ये करायची, तर होडीनेही ती साधते.

वेळापत्रकात या टप्प्यासाठी दोन मिनिटे दिलेली असतात, परंतु हा अवधी अंतरापेक्षा वाऱ्यावर अधिक अवलंबून असतो. विमानाला वाऱ्याच्या समोरून उडावे व उतरावे लागत असल्यामुळे, वारा अनुकूल असेल तर ते एका धावपट्टीवरून उठून जवळजवळ सरळ दुसरीवर उतरते, नाहीतर त्याला वळसा घ्यावा लागतो. या टप्प्यावरील सर्वांत जलद उड्डाणाचा ५३ सेकंदांचा विक्रम अशाच अनुकूल वाऱ्याचे फळ आहे. विमान जागेवरून हलल्यापासून पुन्हा थांबेपर्यंतचा जो अवधी हवाई वाहतुकीत ‘ब्लॉक टाइम’ म्हणून मोजला जातो, त्यात अर्थातच जमिनीवरून चालण्याचा वेळही येतो, आणि इतक्या लहान टप्प्यात तो प्रत्यक्ष उड्डाणाशी बरोबरी करू शकतो.

एवढ्या थोड्या प्रवाशांच्या बळावर असा मार्ग व्यापारी हिशेबाने चालणे शक्य नाही, म्हणून ही सेवा सार्वजनिक सेवेचे बंधन मानून ऑर्कनी बेटांच्या परिषदेच्या अनुदानावर चालवली जाते.