उंट : लोकसंस्कृती आणि चित्रकला

वाळवंटी मुलखातील ओझ्याचा, सवारीचा व दुधाचा प्राणी. भारतात प्रामुख्याने एका मदारीचा उंट पाळतात. शाहूवाडीसारख्या (जि. कोल्हापूर) सह्याद्रीच्या पावसाळी तालुक्यात त्याचे काम नाही, इथल्या माणसाला तो दिसतो देवाच्या लवाजम्यात. शेजारच्या पन्हाळा तालुक्यात, वाडी रत्नागिरीच्या डोंगरावर, चैत्र पौर्णिमेला जोतिबाची पालखी यमाईच्या भेटीला निघते. सासनकाठ्या आणि गुलालाच्या त्या गर्दीत घोड्यांबरोबर उंटही चालतो. हा राजदरबाराचा थाट. मराठी राज्यात उंटांसाठी शुतुरखाना असे, तातडीचे खलिते सांडणीस्वार नेत. पानिपतावर (१७६१) अब्दालीच्या उंटांवरील जंबुरक्यांचा (हलक्या तोफांचा) मारा मराठ्यांना भोवला. थोडक्यात, मराठी मुलखात उंट सरकारी राहिला, घरचा झाला नाही. बोलीतही तो ‘उंटावरचा शहाणा’ असा थट्टेपुरताच उरला.

मारवाडात तो घरातला. उंटपाळ रबारी (रायका) पाबूजीला देव मानतात. भाचीला आहेर म्हणून सांडण्या देण्याचा शब्द त्याने दिला आणि त्या थेट लंकेहून हाकून आणल्या, अशी कथा आहे. भोपा (गायक-पुजारी) रावणहत्थ्यावर ही गाथा रात्रभर गातो. मागे चित्रांचा लांबलचक कापडी फड ताणलेला, आणि भोपी दिव्याच्या उजेडात त्यावरचा एकेक प्रसंग दाखवते. बिकानेरचे उस्ता कारागीर उंटाच्या कातड्याच्या कुप्प्यांवर सोनेरी नक्षी उठवतात.

राजस्थानी लघुचित्रांतला सर्वांत ओळखीचा उंट ढोला-मारू या प्रेमकथेतला. एकाच उंटावर दोघे, पुढे ढोला, मागे मारू. मान ताणलेली, पाय हवेत. प्राणी म्हणून त्याचा अभ्यास इथे फारसा दिसत नाही, दिसतो तो वेग. मोगल चित्रकाराची नजर वेगळी. इराणी चित्रकार बिहजादच्या झुंजणाऱ्या उंटांच्या चित्रावरून अब्दुस्समदने उतारवयात चित्र काढले. जहांगीरच्या चित्रशाळेतील नान्हाने १६०८-०९ मध्ये बिहजादच्या त्याच चित्राची पुन्हा नक्कल केली. एकमेकांत गुंतलेल्या माना, तोंडाचा फेस, झुली : सारे जवळून पाहिलेले. फडावरचा उंट मात्र सपाट रंगाचा, ठसठशीत रेषेचा. तो गाण्याच्या सोयीसाठी आहे, लांबून ओळखू यावा म्हणून.

राजस्थानने २०१४ मध्ये उंटाला राज्यप्राणी ठरवले. तरीही देशातील उंटांची संख्या २०१२ च्या पशुगणनेतील सुमारे ४ लाखांवरून २०१९ मध्ये सुमारे अडीच लाखांवर आली. मालवाहतूक वाहनांकडे गेली, चराऊ रानेही आटली.