ऐश म्हणजे भात

वाचकहो, शिक्षणसंस्थेच्या स्मरणिकेत हॉटेलातील जेवणावर लेख कशाला, असा प्रश्न आपल्यापैकी काही पालकांना पडेल. थोडा धीर धरावा. हा लेख इतिहासाचाच आहे. फक्त त्याची सुरुवात भाताच्या परातीपासून होते.

मी १९८२ साली नोकरीसाठी कुवेतला गेलो आणि १९९० पर्यंत तेथे राहिलो. या आठ वर्षांत मी एकदाही कुवेती जेवण जेवलो नाही, हे सांगताना आज संकोच वाटतो. एका खोलीत आम्ही आठ जण; मेस आपल्याच माणसांची; ताटात डाळभात आणि शुक्रवारी मटण. येथला माणूस घरी काय खातो, हे विचारण्याची सवड नव्हती आणि खरे सांगायचे तर इच्छाही नव्हती. २ ऑगस्ट १९९० रोजी इराकी सैन्य कुवेतमध्ये शिरले आणि हजारो हिंदी लोकांप्रमाणे मीही एका पिशवीनिशी अम्मानमार्गे घरी परतलो. परवा मुलाकडे जाण्याच्या निमित्ताने पुन्हा तिकडे जाणे झाले. त्याने हट्टाने मला मुबारकिया बाजाराजवळच्या एका जुन्या धर्तीच्या कुवेती हॉटेलात नेले.

आत जमिनीवर गालिचे आणि टेकायला तक्के होते. तक्क्यांवर लाल-काळ्या पट्ट्यांचे बदाऊनी विणकाम होते, त्याला तिकडे सदू म्हणतात. भिंतीवर गलबताची लाकडी प्रतिकृती आणि तिच्या शेजारी मोती काढणाऱ्या पाणबुड्याची जाळीची टोपली व नाकाचा चिमटा टांगलेला. हे सारे गिऱ्हाइकासाठी मांडलेले असते हे मला कळते. जुन्या कुवेतमध्ये हे जेवण घरचे होते. ते खाण्यासाठी कोणी बाजारात जात नसे. पण पुढे आलेली परात मात्र देखाव्याची नव्हती.

परातीत मसाल्याच्या पाण्यात शिजवलेला भात, त्यावर तळलेले जुबैदी. जुबैदी म्हणजे आपले पापलेटच, दुसरे काही नाही. भातावर हशू पसरलेला होता, म्हणजे तांबूस परतलेला कांदा, मनुका आणि चण्याची डाळ यांचे मिश्रण. बाजूला दकूस नावाची टोमॅटो-लसणीची आंबटतिखट चटणी, कच्चा कांदा, मुळा आणि तंदुरातून नुकतीच काढलेली इराणी रोटी. बोटे भातात घातली तेव्हा तळाशी एक काळेकुट्ट, सुपारीएवढे फळ सापडले. ते लूमी. मिठाच्या पाण्यात उकळून उन्हात वाळवलेले हे लिंबू. ते मूळचे ओमानचे. बसऱ्यामार्गे येई म्हणून इराकात त्याला बसऱ्याचे लिंबू म्हणतात. त्याचा आंबटपणा आपल्या कोकमासारखा चटकन जिभेवर येत नाही, मागाहून येतो.

वाढपी केरळचा होता. त्याने अदबीने विचारले, "चाचा, ऐश आणखी आणू?"

मी मुलाकडे पाहिले. तो हसून म्हणाला, "अब्बा, येथे भाताला ऐश म्हणतात."

विद्यार्थी मित्रांनो, या एका शब्दावर जरा थांबा. अरबीत ऐश म्हणजे जगणे, जीवन. ज्या अन्नावर जगायचे त्यालाच लोकांनी ते नाव दिले. मिसरमध्ये ऐश म्हणजे रोटी. कुवेतमध्ये ऐश म्हणजे भात. आणि तोच शब्द फारसी-उर्दूतून आपल्याकडे आला तेव्हा त्याचा अर्थ झाला चैन! मी कुवेतला निघालो तेव्हा गावात लोक म्हणत, "आता काय, तुझी ऐश आहे." दोन्ही अर्थ मला माहीत असते तर बरे झाले असते.

आता मुख्य गोष्ट. कुवेतमध्ये भात पिकत नाही. तेथे नदी नाही, डोंगर नाही, पाऊस नावापुरता. प्यायचे पाणीसुद्धा अनेक वर्षे शत्त-अल-अरब नदीतून गलबतांत भरून आणावे लागे. समुद्राचे पाणी गोडे करणारा पहिला कारखाना १९५३ साली सुरू झाला. अशा मुलखातील माणसाने ज्याला 'जगणे' म्हटले ते धान्य समुद्रावरून आले, आणि त्यातले पुष्कळसे हिंदुस्थानातून आले.

ते येई कसे, तेही पाहा. पावसाळा संपून वारा फिरला की कुवेतची बूम जातीची मोठी गलबते बसऱ्याकडचा खजूर भरून निघत. कराची, पोरबंदर, मुंबई करीत ती खाली मलबारपर्यंत जात. काही आफ्रिकेच्या किनाऱ्याकडे वळत. परतताना तांदूळ, मसाले, चहा, कापड, काथ्याचे दोर आणि सागवान घेऊन मिरगाच्या आत घर गाठायचे. गलबत ज्या लाकडाचे, ते सागवानही मलबारचेच. त्या गलबताच्या कप्तानाला ते नोखदा म्हणतात, आणि आपल्या किनाऱ्यावर नाखवा हा शब्द आहेच. दोन्ही एकाच फारसी शब्दाची लेकरे. लोणच्याला ते अचार म्हणतात. कडक चहाला करक. समोसा तेथे संबूसा होऊन रमजानात घरोघरी तळला जातो. मसाल्याच्या मिश्रणाला नाव आहे बहारात. मला त्यात 'भारत' ऐकू आला. भाषेच्या जाणकारांनी काय ते ठरवावे.

उन्हाळ्यातील चार महिने मात्र मोत्यांचे. पाणबुडे दिवसभर पोटात थोडा खजूर आणि कॉफी एवढ्यावर बुड्या मारीत. पोटभर भात-मासळी मिळे ती सूर्य मावळल्यावर. भरल्या पोटी बुडी मारता येत नाही. हंगामापूर्वी नोखदाकडून घरखर्चासाठी उचल घ्यायची आणि मोती विकल्यावर फेडायची, अशी रीत होती. मोती कमी निघाले की उचल अंगावर राही. पुढच्या वर्षी त्याच नोखदाकडे जाणे भाग पडे. बाप मेला तर ते कर्ज मुलाकडे येई. हे मुलाने मला भिंतीवरच्या टोपलीकडे बोट दाखवून सांगितले, आणि माझा घास हातातच राहिला. माझ्या व्हिसासाठी एजंटाला दिलेले पैसे आठवले. ते आईच्या बांगड्या गहाण ठेवून उभे केले होते आणि पहिली दोन वर्षे माझा पगार त्यातच गेला. ही गोष्ट मी मुलाला तोवर सांगितली नव्हती. तेथे परातीसमोर सांगितली.

ते मोती विकले जात मुंबईच्या बाजारात. १९२९ ची जागतिक मंदी आणि जपानचे कृत्रिम पैदाशीचे मोती यांनी तो धंदा बुडवला. १९३८ साली बुर्गान येथे तेल सापडले, महायुद्धामुळे काम अडले, आणि १९४६ च्या जूनमध्ये तेलाचे पहिले जहाज रवाना झाले. त्यापुढची कथा आपल्या घराघरांतील फ्रिज आणि टेपरेकॉर्डर यांनी सांगितलेली आहे.

पण त्याआधीची एक गोष्ट पालकांनी अवश्य वाचावी. जेवण झाल्यावर आम्ही पाय मोकळे करीत बाजारालगतच्या मुबारकिया शाळेपर्यंत गेलो. कुवेतची ही पहिली पद्धतशीर शाळा, १९११ सालची. तेलाचा पत्ताही नव्हता. पैसा उभा केला तो व्यापाऱ्यांनी, आणि त्यातील मोठा वाटा मुंबईत पेढी असलेल्या अल्-इब्राहीम या कुवेती घराण्याचा होता. देणग्या दिल्या गेल्या रुपयांत, कारण कुवेतचे चलनच आपला रुपया होते. मुलांना कुराणाबरोबर हिशेब आणि पत्रलेखनही शिकवले जाई. गलबतांच्या धंद्याला वही लिहिणारा माणूस हवा होता. पुढे इंग्रजी व नवे विषय शिकवावेत की नाही यावर वाद झाला, आणि ते शिकवण्यासाठी १९२१ साली अहमदिया ही दुसरी शाळा निघाली. मोत्यांवर आणि उचलीवर जगणाऱ्या गावाने दहा वर्षांत दोन शाळा उभ्या केल्या. आपल्या संस्थेच्या वर्गणीच्या पावत्या हातात घेऊन दारोदार फिरलेल्या वडीलधाऱ्यांना त्या कामाची कल्पना येईल.

रुपया तेथे १९६१ पर्यंत चालला. १ एप्रिल १९६१ रोजी दिनार आला, तेव्हा एका दिनाराला तेरा रुपये आणि वर एक-तृतीयांश असा भाव होता. आमचे बिल अर्थातच दिनारात आले. आज त्याचे रुपये किती होतात, हा हिशेब मुलाने मला करू दिला नाही.

हो, एक सांगायचे राहिले. जेवणानंतर लगेच वेलचीची गहवा आली होती, कान नसलेल्या इवल्याशा पेल्यात. पुरे झाले की पेला बोटांत धरून हलवायचा, नाहीतर वाढणारा ओततच राहतो. आठ वर्षे त्या देशात राहूनही मला हे ठाऊक नव्हते. मी चार पेले प्यायलो.