दधीचीची हाडं आणि जांभळी फीत

१९४७ च्या ऑक्टोबरात काश्मिरात लढाई पेटली, तेव्हा भारतीय जवानाच्या छातीवर लावायला देशाजवळ स्वतःचं एकही शौर्यपदक नव्हतं. होता तो इंग्लंडच्या राणीच्या नावाचा व्हिक्टोरिया क्रॉस. माणगाव तालुक्यातल्या यशवंत घाडग्यांना तो १९४४ साली इटलीतल्या लढाईसाठी मरणोत्तर मिळाला होता, तर नगर जिल्ह्यातल्या नामदेव जाधवांना १९४५ साली. पण आता राज्यच बदललं होतं.

नव्या पदकांचं काम मेजर जनरल हिरालाल अटल यांच्याकडे आलं. त्यांनी आराखडा काढायला सांगितलं ते सावित्रीबाई खानोलकरांना. या बाई जन्मानं युरोपीय. माहेरचं नाव ईव्ह, जन्म १९१३ चा, स्वित्झर्लंडमधल्या न्यूशातेलचा. वडील हंगेरियन, आई रशियन. लष्करी अधिकारी विक्रम खानोलकरांशी १९३२ साली लग्न करून त्या मराठी घरात आल्या, मराठी-संस्कृत शिकल्या आणि पुराणांत इतक्या रमल्या की पुढे महाराष्ट्रातल्या संतांवर त्यांनी पुस्तकही लिहिलं.

परमवीर चक्रासाठी त्यांना आठवले दधीची ऋषी. वृत्रासुराला मारायला देवांना शस्त्र हवं होतं, म्हणून दधीचींनी देह ठेवला आणि त्यांच्या हाडांचं वज्र झालं. सर्वोच्च शौर्यपदकाला याहून नेमकी कथा शोधूनही सापडली नसती. जेमतेम साडेतीन सेंटिमीटरचं कांस्याचं गोल पदक, मध्ये राजमुद्रा, भोवती इंद्राची चार वज्रं. मागे हिंदी-इंग्रजीत नाव आणि दोन कमळं. फीत साधी, जांभळी.

पदकावर शिवरायांची भवानी तलवारही आहे, असं हौसेनं लिहिलं जातं. मराठी मनाला ते सुखावतं खरं, पण अधिकृत वर्णनात तलवार नाही. आणि सगळंच काही पुराणातून आलेलं नाही: कांस्य हा धातू आणि नावापुढे लावायची आद्याक्षरं, ही रीत व्हिक्टोरिया क्रॉसचीच.

पदकाची घोषणा २६ जानेवारी १९५० ला झाली, पण अंमल धरला तो १५ ऑगस्ट १९४७ पासून. तसं केलं नसतं तर काश्मीरची अख्खी लढाई बाहेर राहिली असती. त्या लढाईची पाच परमवीर चक्रं दिली गेली. पहिलं मेजर सोमनाथ शर्मांचं, ३ नोव्हेंबर १९४७ च्या बडगामच्या लढाईसाठी, मरणोत्तर. योगायोग असा की शर्मांचे धाकटे भाऊ सावित्रीबाईंचे जावई.

पाचांपैकी दोघेच जिवंत होते. त्यांतले एक कारवारजवळच्या चेंडिया गावचे रामा राघोबा राणे, बॉम्बे सॅपर्सचे. एप्रिल १९४८ मध्ये नौशेरा-राजौरी वाटेवर जखमी असतानाही ते सुरुंग काढत, अडथळे फोडत रणगाड्यांना पुढची वाट करून देत राहिले. १९९४ साली पुण्यात त्यांचं निधन झालं.