शाईचा डाग : आधी शाई ओळखा!

जून महिन्यात शाळा सुरू झाल्या, की पहिल्या काही दिवसांतच गणवेशाच्या पांढऱ्या शर्टावर शाई उमटते. कार्यालयात जाणाऱ्यांच्या खिशातले पेन गळते, तर कधी मार्करची रेघ बाहीवर ओढली जाते. अशा वेळी कपडा घाईघाईने गरम पाण्यात बुडवून साबणाने खसाखसा चोळला जातो. त्याने डाग निघत तर नाहीच, उलट पसरतो आणि धाग्यांत खोल मुरतो. सर्व शाया एकाच घटकांच्या नसतात. त्यामुळे सर्वांवर एकच उपाय चालत नाही. म्हणून डाग कोणत्या पेनाचा आहे, हे आधी विचारून घ्यावे.

फाउंटन पेन व स्केचपेन : यांच्या शाईतील रंग बहुधा पाण्यात विरघळणारे असतात. ओला डाग टिपकागदाने टिपावा, चोळू नये. नंतर कपडा उलटा करून डागाच्या मागील बाजूने थंड पाण्याची धार सोडावी. शाई ज्या वाटेने आत गेली, त्याच वाटेने बाहेर पडते. मग नेहमीप्रमाणे धुवावा.

बॉलपेन : ही शाई तेलकट व चिकट असते. नुसत्या पाण्याचा तिच्यावर परिणाम होत नाही. अल्कोहोलमध्ये मात्र ती विरघळते. औषधाच्या दुकानात मिळणारे सर्जिकल स्पिरिट किंवा अल्कोहोलयुक्त बिनरंगी सॅनिटायझर येथे उपयोगी पडते.

मार्कर : पर्मनंट मार्करच्या शाईत रंगासोबत चिकटून राहणारी राळही असते. स्पिरिटचा प्रयोग अनेकदा करावा लागतो आणि तरीही फिकट खूण उरू शकते. व्हाइटबोर्डचा मार्कर फळ्यावरून सहज पुसला जातो, कारण फळा गुळगुळीत असतो. कापडाच्या धाग्यांत तो मुरतो. तेव्हा त्यालाही स्पिरिटच लावावे.

जेल पेन : अनेक जेल शायांमध्ये रंगाचे न विरघळणारे सूक्ष्म कण असतात. म्हणून हा डाग सर्वांत चिवट. डिटर्जंटच्या द्रावणात कपडा भिजवून हलक्या हाताने पुनःपुन्हा धुवावा. पूर्ण निघेल, अशी खात्री बाळगू नये.

स्पिरिट वापरण्याची रीत : प्रथम आतल्या शिवणीवर एक थेंब टाकून कापडाचा रंग जात नाही ना, हे पाहावे. जुन्या पांढऱ्या फडक्यावर डाग पालथा ठेवावा. कापसाच्या बोळ्याने कडेकडून मध्याकडे टिपत जावे. खालच्या फडक्याची जागा बदलत राहावी. अन्यथा निघालेली शाई पुन्हा कपड्यालाच लागते. स्पिरिट ज्वालाग्राही असल्याने गॅस व देवघरातील निरांजन यांपासून दूर, खिडकी उघडी ठेवून हे काम करावे. डाग पूर्ण जाईपर्यंत इस्त्री टाळावी. उष्णतेने तो पक्का होतो.

घरगुती उपायांविषयी : लिंबू लोखंडाच्या गंजावर गुणकारी आहे, बॉलपेनवर नाही. नेलपॉलिश रिमूव्हरमधील ॲसिटोनने ॲसिटेटचे कापड चक्क विरघळते. क्लोरीनयुक्त ब्लीच रेशीम व लोकर यांचा नाश करते. शिवाय ते व्हिनेगर किंवा अमोनियात कधीही मिसळू नये, विषारी वायू तयार होतो. पैठणी वा अन्य जरीच्या वस्त्रावर घरी प्रयोग न करता ते ड्रायक्लीनरकडे द्यावे आणि शाई कोणती, हेही सांगावे.

काही डाग मात्र न निघण्यासाठीच असतात. पूर्वी धोबी कपड्यांवर बिब्ब्याच्या रसाने खुणा करीत. त्यात चुना मिसळला, की काळी खूण कायमची होई. म्हणूनच इंग्रजांनी बिब्ब्याला ‘मार्किंग नट’ म्हटले. भारतात 1962 च्या सार्वत्रिक निवडणुकीपासून मतदाराच्या बोटाला लावल्या जाणाऱ्या शाईत सिल्व्हर नायट्रेट असते आणि प्रकाशात ते काळे पडते. मतदान करून परतताना ओले बोट पांढऱ्या सदऱ्याला लागू न देणे, हाच त्यावरचा उपाय.

बाकी डागांच्या बाबतीत पहिली काही मिनिटे मोलाची. टिपून घ्यावे, शाई ओळखावी आणि मगच बाटली उघडावी. वर्षाच्या मध्यावर नवा गणवेश घेण्याची वेळ त्यामुळे टळू शकते.