झाशी छावणी : रेल्वे, सरकार आणि कामगार (१९२०–१९३९)

झाशी शहर, त्याला लागून लष्करी छावणी आणि मध्ये रेल्वेची वसाहत अशी या गावाची तिहेरी रचना आहे. पहिल्या महायुद्धानंतरची तेजी आणि १९२९ नंतरची जागतिक मंदी या दोन्हींचा अनुभव झाशीने मुख्यतः रेल्वेमार्फत घेतला. सरकार, भांडवल आणि कामगार यांच्या त्या काळातील संबंधांचा अभ्यास मुंबईच्या गिरण्यांपुरता थांबतो, आणि झाशीसारखी रेल्वेगावे बाजूला पडतात. हा अन्याय आहे, कारण मालक आणि सरकार एकच असले तर काय होते, हे गिरणगावापेक्षा इथे जास्त स्वच्छ दिसते.

पार्श्वभूमी. १८८६ साली ग्वाल्हेरच्या किल्ल्याच्या बदल्यात शिंद्यांकडून झाशी शहर व किल्ला इंग्रजांकडे परत आला. त्याच सुमारास इंडियन मिडलँड रेल्वेने येथे लोहमार्ग आणला. १८९५ मध्ये कंपनीने मालडब्यांच्या दुरुस्तीचा कारखाना काढला, आणि १९०० साली ही रेल्वे ग्रेट इंडियन पेनिन्सुलात, म्हणजे सर्वतोमुखी ‘जीआयपी’त गेली. मुंबई–दिल्ली मुख्य मार्ग, कानपूरकडे आणि माणिकपूरकडे जाणारे फाटे आणि शेजारी पलटणी, यामुळे झाशीचे जंक्शन थांबले तर सैन्याची हालचालही थांबणार होती. रेल्वेतील युरोपीय आणि अँग्लो-इंडियन नोकर ऑक्झिलरी फोर्स या अर्धवेळ लष्करी दलाच्या तुकड्यांत कवायत करीत. साहेब आणि मजूर यांच्यात पगाराइतकेच बंदुकीचेही अंतर होते.

सरकार मालक होते. रेल्वेच्या कारभाराची पाहणी करणाऱ्या ॲक्वर्थ समितीच्या शिफारशींनंतर १९२४ मध्ये रेल्वेचा अर्थसंकल्प सर्वसाधारण अर्थसंकल्पातून वेगळा काढण्यात आला आणि १ जुलै १९२५ रोजी जीआयपीचा कारभार सरकारने थेट हाती घेतला. झाशीच्या कारखान्यातील फिटर, रिव्हेट मारणारा किंवा हमाल आता कंपनीचा नव्हे, सरकारचा नोकर झाला. अमेरिकेशी तुलना येथेच उपयोगी पडते. तिथे १९२२ साली रेल्वेच्या कारखान्यांतील सुमारे चार लाख कामगारांनी वेतनकपातीविरुद्ध संप केला. ॲटर्नी जनरल डॉगर्टी यांच्या अर्जावरून न्यायाधीश विल्करसन यांनी कडक मनाई हुकूम काढून तो मोडण्यास मदत केली. तरीही रेल्वेमार्ग खासगी कंपन्यांचे होते, म्हणून सरकार निदान बाहेरून आल्यासारखे भासत होते, आणि १९२६ चा रेल्वे लेबर ॲक्ट कंपन्या व संघटना दोघांच्या संमतीने झाला. झाशीच्या कामगारापुढे पगार देणारा, कायदा करणारा, पोलीस पाठवणारा आणि खटला भरणारा एकच पक्ष होता.

कायदा आणि अटका. १९२६ च्या ट्रेड युनियन कायद्याने संघटनांना नोंदणीचा मार्ग मिळाला. १९२९ च्या ट्रेड डिस्प्यूट्स कायद्याने मात्र सरकारवर दबाव आणण्यासाठी, समाजाला गंभीर त्रास होईल असा संप करणे बेकायदा ठरवले, आणि रेल्वेसारख्या सार्वजनिक सेवेत १४ दिवसांची लेखी सूचना न देता संपावर जाणे हा गुन्हा ठरवला. त्याच वर्षी २० मार्च रोजी कम्युनिस्ट आणि कामगार नेत्यांची देशभर धरपकड झाली. मीरत कटाच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या त्या खटल्यात डांगे, घाटे, निंबकर, मिरजकर यांच्यासोबत जीआयपी रेल्वेमेन्स युनियनचे संघटक का. ना. जोगळेकर होते, युनियनशी जोडलेले इंग्रज कार्यकर्ते बेन ब्रॅडली होते आणि झाशीचे लक्ष्मणराव कदमही होते. खटला ज्युरीशिवाय चालावा म्हणून मीरत निवडले गेले, अशी तेव्हाही टीका झाली आणि ती रास्त होती. चार वर्षे हा खटला रेंगाळला. जानेवारी १९३३ मध्ये निकाल लागला, आणि ऑगस्टमध्ये अलाहाबाद उच्च न्यायालयाने अनेकांच्या शिक्षा कमी केल्या. कदम अपिलात सुटले. नेते तुरुंगात असताना त्यांची युनियन मागे एकटी लढत होती, ही बाब मीरतच्या वृत्तांतांत सहज हरवते.

१९३० चा संप. ४ फेब्रुवारी १९३० रोजी जीआयपीचे सुमारे २०,००० कामगार संपावर गेले. दांडीयात्रा १२ मार्चला निघायची होती, तेव्हा हा संप तिच्याआधीचा. एप्रिलमध्ये मुंबईच्या उपनगरी स्थानकांवर संपकऱ्यांच्या तुकड्या लाल बावटे घेऊन रुळांवर आडव्या झाल्या. त्यांना हटवण्यासाठी पोलिसांनी गोळीबार केला आणि सामूहिक अटका झाल्या. संप फसला आणि अनेकांना कामावर परत घेतले गेले नाही. ट्रेड युनियन काँग्रेस १९२९ च्या अखेरीस नागपूरच्या अधिवेशनात फुटून ना. म. जोशी आणि त्यांचे सहकारी बाहेर पडले होते. संपकऱ्यांमागे एकजुटीची चळवळ उरली नव्हती. अपयशाचा सारा दोष मालकावर टाकणे मला बरोबर वाटत नाही.

मंदीत काय झाले. मंदी झाशीच्या कारखान्यात कशी पोहोचली हे मालडब्याच्या आसापाशी दिसते. त्या काळी आसाच्या पेटीत तेलात भिजवलेला सुती बोळा भरत. तो सुकला की आस तापे, डबा गाडीतून काढून दुरुस्तीला आणावा लागे. डबे धावत असले की हे काम संपत नसे. १९२९ ते १९३१ दरम्यान धान्याच्या किमती जवळपास निम्म्यावर आल्या, माल हलेना आणि बाजूच्या मार्गिकांवर उभे डबे कारखान्यात येईनात. १९३१ मध्ये रेल्वेची काटकसर समिती बसली आणि देशभर हजारो कामगार कमी करण्यात आले. १९३१-३२ पासून रेल्वेने सरकारी तिजोरीत भरायचा हिस्साही थांबला. सरकारी नोकरांचे पगार त्याच हिवाळ्यात कापण्यात आले. याउलट अमेरिकेत जानेवारी १९३२ मध्ये शिकागोत कंपन्या आणि रेल्वे संघटना समोरासमोर बसल्या आणि एका वर्षासाठी दहा टक्के कपातीवर सहमती झाली.

झाशीत मंदी आणि कपातीतून एक विपरीत गोष्ट घडली. ज्याची नोकरी टिकली त्याला कपातीनंतरही स्वस्ताई थोडीफार सावरत होती, पण ज्याला काढले त्याच्याकडे धान्य घ्यायलाच पैसा नव्हता. मंदीचा भार अशा रीतीने समान वाटला गेला नाही. तो हंगामी, नवख्या आणि १९३० च्या संपात नाव आलेल्या माणसांवर पडला, आणि सरासरी वेतनाच्या तक्त्यांत ते माणूस म्हणून दिसतही नाहीत. बुंदेलखंडाच्या कोरडवाहू गावांत परत जाऊन शेतावर राबण्याचा मार्गही फारसा मोकळा नव्हता, कारण तिथेही पीक मातीमोलाने जात होते.

पुढील काळ. १९३९ चे युद्ध सुरू झाल्यावर लष्करी वाहतुकीने डबे पुन्हा रुळावर आले आणि कारखान्याला काम मिळाले. १९५१ मध्ये जीआयपी मध्य रेल्वेत विलीन झाली; २००३ पासून झाशी उत्तर मध्य रेल्वेत आहे. १९२९ च्या कायद्याची जागा १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्याने घेतली, पण त्यातही रेल्वे ही सार्वजनिक सेवाच राहिली आणि सूचना दिल्यानंतर १४ दिवस संप करता येणार नाही ही अट कायम राहिली.