एकोणीस प्रयोगांनंतर

‘तू इतिहासाचा मास्तर, स्मरणिकेसाठी काहीतरी ऐतिहासिक लिही,’ असे फर्मान संपादक मंडळाकडून आले. पेशवाईच आठवली, पण रंगमंचावरची.

१६ डिसेंबर १९७२ रोजी पुण्याच्या भरत नाट्य मंदिरात ‘घाशीराम कोतवाल’चा पहिला प्रयोग झाला. लेखक विजय तेंडुलकर, दिग्दर्शक जब्बार पटेल, संगीत भास्कर चंदावरकरांचे, नृत्यरचना कृष्णदेव मुळगुंदांची. करणारी संस्था प्रोग्रेसिव्ह ड्रॅमॅटिक असोसिएशन, म्हणजे पीडीए. मंडळी हौशीच होती. जब्बार पटेल आणि नाना फडणवीस झालेले मोहन आगाशे हे दोघे डॉक्टर, तर सतीश आळेकर जीवरसायनशास्त्राचे. दिवसभर आपापले काम करायचे आणि संध्याकाळी तालमीला यायचे, असा हा प्रकार.

नाटकावर वाद झाला. ते ब्राह्मणविरोधी आहे, नानांची बदनामी करणारे आहे, असे आक्षेप आले. एकोणीस प्रयोग झाले आणि संस्थेच्या अध्यक्षांनी ते थांबवले. वादाविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे, त्यात मी शिरत नाही. मला थांबावेसे वाटते ते त्या एकोणिसाव्या प्रयोगापाशी. नाटक पडले म्हणून बंद होणे वेगळे. इथे नाटक चालत होते, गळे तयार होते, पावले जुळलेली होती.

शिवाय या नाटकाला पडदा होता तो माणसांचाच. गाणाऱ्या-नाचणाऱ्या ब्राह्मणांची रांग प्रेक्षकांसमोर उभी राही, हले, दुभंगे, पुन्हा मिटे. संहिता कपाटात ठेवता येते, ही रांग कुठे ठेवणार? चारजण बदलीच्या गावी गेले, दोघांची लग्ने झाली की ती संपली. हौशी नाटक बहुधा असेच संपते, कोणी बंदी न घालताही.

त्या मंडळींनी मात्र रांग मोडू दिली नाही. मार्च १९७३ मध्ये त्यांनी ‘थिएटर अकॅडमी’ ही नवी संस्था काढली आणि जानेवारी १९७४ मध्ये नाटक पुन्हा उभे केले. १९८० साली ते युरोपात गेले. पण ज्या घरात ते बसवले, ते घर सुटले ते सुटलेच. हे दुःख यशाच्या गोष्टीत फारसे कोणी सांगत नाही.

हे भाग्य अपवादाचे. १९५४ पासून चालत आलेल्या राज्य नाट्य स्पर्धेत दर वर्षी कितीतरी संघ महिनोन्‌महिने तालमी करतात, केंद्रावर एक प्रयोग करतात आणि निकालानंतर मिशा-टोप सोडवून घरी जातात. दुसरा प्रयोग होतच नाही. त्यांचा इतिहास कोण लिहिणार?

आपल्या गॅदरिंगच्या नाटकाचेही तेच. प्रयोग एक, तोही बाकांवर फळ्या टाकून. दुसऱ्या दिवशी बाके वर्गात परत लावली आणि महिन्याभरात बोर्डाची परीक्षा. पुढे कोण आयटीआयला, कोण मुंबईला, कोण शेतावर. राजाचे काम कोणी केले ते सगळ्यांना आठवते. पडदा ओढायला कोण होते, पेट्रोमॅक्स कोणी धरला, यावर मात्र आजही दोन मते आहेत.

तेव्हा एक विनंती. त्या नाटकाचा फोटो किंवा संवादांची वही कोणाकडे असेल, तर मेळाव्याला घेऊन यावी. फोटोच्या मागे सगळ्यांची नावे लिहून काढू, रांगेतल्या शेवटच्या भालदारापर्यंत. बाई आणि सर, तुमचीही.