जंजिरा: किल्ला पाहिला, गाव राहून गेलं

दिवाळीच्या सुट्टीत मोहोपाड्याहून आम्ही वीसेक जण जंजिऱ्याला गेलो होतो. त्यातले बरेचसे आज समोरच बसलेत, त्यामुळे आम्हाला फार फेकता येणार नाही. पेण, वडखळ, अलिबाग, रेवदंडा करत मुरूड, पुढे राजपुरीचा धक्का, आणि तिथून शिडाची होडी. होडीतच गाईड मिळतो. माणूस बोलका, आवाज खणखणीत. सुट्टीची गर्दी होती, म्हणून चढतानाच त्याने सांगून टाकलं: पाऊण तास, त्यानंतर होडी थांबणार नाही. आज बोलायचं आहे ते या पाऊण तासाबद्दल. त्यात काय बसतं आणि काय बाहेर राहतं, एवढंच.

बसतं ते असं. मुख्य दरवाजा पूर्वेला, राजपुरीच्या बाजूला आहे, पण होडी अगदी जवळ जाईपर्यंत तो दिसत नाही. हे खरंच आहे, आणि प्रत्येक वेळी गंमत वाटते. आत शिरताना वाघासारख्या प्राण्याचं शिल्प आहे, त्याने हत्ती पकडून ठेवलेत, एक तर शेपटीत. मग तोफा: कलालबांगडी, चावरी, लांडा कासम. आणि शेवटी गाईडचं ठरलेलं वाक्य: बावीस एकर, बावीस बुरूज, बावीस वर्षं बांधकाम. आमच्यातल्या एका मुलाने बुरूज मोजायला घेतले आणि गोंधळला. त्यात त्याची चूक नाही. पुस्तकागणिक हा आकडा बदलतो, काही ठिकाणी १९ सापडतो. दगडी कोटाचं श्रेय निजामशाहीतल्या बुऱ्हाणखानाला देतात, त्याची सालं १५६७ ते १५७१ अशी दिली जातात. म्हणजे चारच वर्षं. पुढच्या सिद्द्यांनी भर घातली ती वेगळी. बावीसचा आकडा लक्षात राहायला सोपा आहे, म्हणून तो टिकला. दारूच्या पिंपांतून सैनिक आत शिरवून पिरमखानाने राम पाटलाचा मेढेकोट घेतला, ही गोष्टही अशीच टिकलेली. पण त्या गोष्टीमुळे एक फार महत्त्वाची आठवण शाबूत राहिली, की सिद्द्यांच्या आधी हे बेट कोळ्यांचं होतं.

‘जंजिरा’ हा शब्दच अरबी ‘जझीरा’वरून आला, म्हणजे बेट. किल्ला हा अर्थ त्यात नाहीच. आम्हाला तिथे जे चुकल्यासारखं वाटलं ते हेच. आम्ही तट पाहिला, तोफा पाहिल्या, कोण जिंकलं आणि कोण हरलं ते ऐकलं. शिवाजी महाराजांना हे बेट मिळालं नाही, म्हणून त्यांनी समोर पद्मदुर्ग उभा केला. १६८२ च्या सुमारास संभाजी महाराजांनी समुद्रात भराव घालून वाट करायला घेतली, तेवढ्यात मोगल फौज कल्याणच्या बाजूला उतरली, म्हणजे जवळजवळ आपल्याच अंगणात, आणि मोहीम अर्धी राहिली. हे सगळं ऐकताना अंगावर काटा येतो, येणारच. पण पायाखाली जे चौथरे येत होते ते कुणाच्या घरांचे, हे पाऊण तासात कुणी विचारलं नाही. आम्हीही नाही.

तळ्यापाशी मात्र थबकलो. चहूकडे खारं पाणी आणि मधोमध गोड्या पाण्याची दोन मोठी तळी. तोफेने बेट राखता येतं, पण पाण्याशिवाय तिथे संसार मांडता येत नाही. या तळ्यांमुळे जंजिरा हे गाव झालं. गाईडला उरलेल्या पाच मिनिटांत छेडलं तर तो वेगळंच बोलायला लागला: इथे तीन मोहल्ले होते, मुलं तटावर खेळायची, सामान होडीनेच यायचं. त्याचा आवाज इथे जरा खाली आला. बावीसवाल्या वाक्यापेक्षा हे आम्हाला जास्त खरं वाटलं. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धापर्यंत आत कुटुंबं राहत होती.

आणि राज्य कुणाचं, तर आफ्रिकेतून गुलाम किंवा शिपाई म्हणून आलेल्यांच्या वारसांचं. मलिक अंबर आपल्याला माहीत असतो, गुलामगिरीतून निजामशाहीचा कर्ताधर्ता झालेला. जंजिऱ्यावर तर बराच काळ प्रमुखाच्या मुलालाच गादी असा नियम नव्हता, आरमारातला पुढचा मोठा अधिकारी वर यायचा. हे मोगलांचं आरमार झालं, मक्केला जाणाऱ्या जहाजांना याच आरमाराचं संरक्षण असे, आणि १६८९ मध्ये सिद्दी याकूतने मुंबईतल्या इंग्रजांना किल्ल्यात कोंडलं होतं. किनाऱ्यावरच्या गावांना त्यांनी जाच केला तोही विसरायचा नाही. तो त्रास सोसलेल्यांच्या आठवणी आपल्याच जिल्ह्यात आहेत. दोन्ही एकाच तटाच्या आत घडलं.

मग गाव उठलं कसं? लढाईने नाही. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस नवाबांचा नवा राजवाडा झाला तो किनाऱ्यावर, मुरूडला. १९४८ मध्ये संस्थान विलीन झालं. दरबार गेला की त्यावर पोट असलेले जातात. शाळा, दवाखाना, बाजार हे सगळं पाण्यापलीकडे, आणि पावसाळ्यात होडी बंद. एकेक घर निघालं. हे मोहोपाडेकरांना समजावून सांगायची गरज नाही. रसायनीतला हिंदुस्थान ऑरगॅनिक केमिकल्सचा कारखाना बंद करायचा निर्णय २०१७ मध्ये झाला, त्यानंतर वसाहतीतल्या खिडक्यांना कसं गवत लागलं ते आपण रोज येता-जाता पाहतो. तटबंदी नाही एवढाच फरक. कुणी उद्या त्या वसाहतीत पाऊण तासाची सहल काढली तर टाकीची उंची सांगतील, गणपतीत कुठल्या चाळीत आरती व्हायची ते नाही सांगणार.

परतताना आम्ही एक मात्र केलं. राजपुरीजवळ खोकरीला सिद्द्यांच्या तीन कबरी आहेत, सर्वांत मोठी सुरूलखानाची. कोरीव जाळ्या आहेत, घुमट आहेत, पण सुट्टीच्या दिवशीही तिथे आमच्याशिवाय दोन शेळ्या आणि त्यांची राखण करणारी एक म्हातारी, बाकी कुणी नव्हतं. तिला विचारलं, आजी, किल्ल्यात कधी गेलात? ती म्हणाली, "लहानपणी जायचो की, लग्नाला."